धनंजयराव गाडगीळ यांनी संशोधक कसे घडवले?

प्रश्न (एम. ए. अर्थशास्त्र, दुसरे वर्ष):
राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याच्या १९६९ च्या सूत्रामुळे धनंजयराव गाडगीळ यांचे नाव पाठ्यपुस्तकात भेटते. परंतु केंब्रिजला लिहिलेल्या आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय उद्योगांच्या इतिहासापासून नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदापर्यंतच्या त्यांच्या वाटचालीत पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील तरुण संशोधकांना त्यांनी नेमके काय शिकवले, हे मला समजून घ्यायचे आहे. आर्थिक धोरणाच्या इतिहासावर प्रबंधिका लिहिताना सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक):
सुरुवात त्यांच्या भाषणांपासून नव्हे, संस्थेच्या पाहण्यांपासून करावी. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून संस्था उभी राहिली आणि गाडगीळ १९६६ पर्यंत तिचे संचालक होते. आरंभीच्या प्रकाशनांत पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी (१९३३) आणि वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी (१९४०) आहे. देशाच्या उद्योगांचा इतिहास लिहिलेला माणूस मंडईतील दलाली आणि शेतकऱ्याचा बी-बियाण्यांचा खर्च तपासू लागतो, यातच त्यांची शिकवण मला दिसते: धोरणावर मत देण्याआधी व्यवहार प्रत्यक्ष पाहावा.

उत्तर २ (संशोधनपद्धती शिकवते):
सरांच्या मताला मी एक भर घालते. गाडगीळ यांनी पुणे शहराची जी पाहणी १९३६-३७ मध्ये केली, तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि सामाजिक भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर संस्थेतील सोवनी, आपटे आणि पेंडसे या संशोधकांनी त्याच शहराची फेरपाहणी करून रोजगार व मिळकत कशी बदलली हे १९५६ मध्ये मांडले. संचालकाचे काम अखेरचे न मानता त्याच प्रश्नांवर पुन्हा घरोघर जायचे, ही मोकळीक ज्या संस्थेत असते तेथेच संशोधक तयार होतात, असे माझे ठाम मत आहे. आपण १९४५ चा आर्थिक भाग आणि १९५६ ची फेरपाहणी या दोहोंतील व्यवसायांची कोष्टके शेजारी ठेवा आणि वर्गीकरण कोठे जुळते, कोठे जुळत नाही, ते आधी टिपून घ्या. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून लिहिलेली प्रबंधिका पोकळ होते.

उत्तर ३ (सहकार क्षेत्रातील कार्यकर्ता):
प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते, हेही ध्यानात घ्यावे. शेतीच्या जमाखर्चाचा त्यांचा अभ्यास कारखान्याचे प्रवर्तक विठ्ठलराव विखे पाटलांच्या सोबतीने प्रत्यक्ष संस्थाबांधणीत उतरला, त्यामुळे प्रबंधिकेत वाईची पाहणी आणि प्रवरा यांचा विचार एकत्र करता आला तर अवश्य करावा.