महागड्या शहरी हॉटेलात राहणं: पैसे वसूल झाले का? तुमचे अनुभव सांगा

मंजिरी_ठाणे
परवा भाचीचा फोन आला. लग्नाला दहा वर्षं होतायत, ताजमहाल हॉटेलात एक रात्र राहायचं म्हणतायत दोघं. जुन्या इमारतीतली, समुद्राकडची खोली. कर धरून आकडा पन्नास हजारांच्या घरात जातोय. "मावशी, खरं सांग, वेडेपणा आहे का?"

तिला उत्तर देण्याआधी मला एकदम सी लाउंज आठवलं. साल १९९१. माझा बघण्याचा कार्यक्रम. मुलाकडच्यांनी घरी पोहे वगैरे नकोत म्हणून परस्पर तिथेच भेटायचं ठरवलं. आम्ही ठाण्याहून लोकलने व्हीटी, तिथून बस. बाबांनी ठेवणीतला सफारी घातलेला. पहिल्या मजल्यावर खिडकीशी टेबल, समोर गेटवे, बोटी. चहा आला तो किटलीत, गाळणी वेगळी, दूध वेगळं, साखर वेगळी. बाबांचा हात गाळणीपाशी जाऊन थबकला. माझं सगळं लक्ष तिकडेच. तेवढ्यात वाढणारे काका पुढे आले, काही न बोलता सगळ्यांचे चहा स्वतः गाळले, आणि सुरुवात बाबांपासून केली. "साखर किती साहेब?" हे मराठीत विचारलं. बाबांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

ते स्थळ जमलं नाही. मुलाचं नावसुद्धा आता आठवत नाही. पण बाबा पुढे कितीतरी वर्षं त्या चहावाल्या काकांबद्दल बोलायचे.

माझं मत स्पष्ट आहे. गादी, नळ, संगमरवर यांना एवढे पैसे देऊ नयेत. समोरच्याचं अवघडणं न बोलता ओळखणारी माणसं जिथे आहेत तिथे द्यावेत, आणि मनापासून द्यावेत. तुम्ही कधी अशा हॉटेलात राहिलात, जेवलात, काम केलंत? वसूल झाले का? भाचीला सगळं वाचायला देणार आहे.

गिरगावचा_बंडू
सी लाउंज!! आमच्या आत्याचं तिथेच जमलं. गिरगावातून चालत गेले होते सगळे. तिथे भेळ मिळते हे आजोबांना शेवटपर्यंत पटलं नाही, "चौपाटी सोडून ताजात भेळ?" म्हणायचे :)
आत्या आणि काका दर वाढदिवसाला जातात अजून. चहा आणि भेळच घेतात. रात्र काढायची गरज त्यांना कधी वाटली नाही.

स्नेहल_नाशिक
वाचतेय. कुकर लावलाय, सविस्तर नंतर लिहिते.

पाठीमागची_गल्ली
मी ताजच्या मागे राहिलोय. अक्षरशः मागे. मेरीवेदर रोडवर सॅल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड आहे ना, तिथे. परीक्षेसाठी मुंबईत आलो होतो, डॉर्मिटरीत खाट मिळाली. जगभरचे पाठीवर पिशव्या घेतलेले लोक. सकाळी उठून गेटवेवर जायचं, हवा तीच, समुद्र तोच. रात्री बडेमियाँचा रोल. तेव्हा वाटायचं की या भिंतीपलीकडे लोक कशाचे पैसे देतात?
नंतर नोकरीत कंपनीने नरिमन पॉइंटला महागड्या हॉटेलात ठेवलं. खोली उत्तम. झोप रेड शील्डइतकीच लागली. कंपनी भरत होती म्हणून राहिलो, खिशातून कधी देणार नाही. पण मंजिरीताई, तुमच्या बाबांचा किस्सा वाचून गप्प झालो. असं माझ्यासाठी तिथे कोणी केलं असतं तर मत वेगळं असतं कदाचित.

चादर_घडी
दादरच्या कॅटरिंग कॉलेजातून बाहेर पडून मी बरीच वर्षं हाउसकीपिंगमध्ये होतो. हॉटेलचं नाव नको. आतली बाजू सांगतो, कारण किंमत तिथे कळते.

साध्या बिझनेस हॉटेलात एका माणसाला एका पाळीत चौदा-पंधरा खोल्या असतात. आमच्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. फरक इथून सुरू होतो. खोली दिवसातून दोनदा होते, सकाळी साफसफाई आणि संध्याकाळी टर्नडाऊन. पडदे ओढायचे, चादरीचा कोपरा दुमडायचा, पाणी ठेवायचं. हे करताना बघायचं असतं. पाहुणा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो? उशी एक वापरतो की तीन? चष्मा कुठे ठेवतो? दोन साखरेच्या पुड्या संपल्या तर उद्या चार ठेवायच्या. सगळं नोंदवलं जातं. तो माणूस वर्षभराने आला की त्याची खोली तशीच लावलेली असते.

एका वयस्कर बाई यायच्या, परदेशी. जमिनीवर पडलेलं काहीही त्यांना वाकून उचलता येत नसे. हे आमच्यातल्या एका पोराने ओळखलं, रत्नागिरीकडचा होता. त्याने चपला स्टुलावर ठेवायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या खेपेला बाईंनी त्याचं नाव घेऊन विचारलं, तो आहे का.

मंजिरीताई म्हणतात ते हेच. अशी नजर तयार व्हायला माणसं जास्त लागतात, ती टिकावी लागतात, शिकवावी लागतात. खर्च त्यात जातो. आणि वाईट याचं वाटतं की दर लाखाच्या घरात गेले तरी त्या पोराचा पगार त्या मानाने वाढत नाही. खोलीत टिप म्हणून जे ठेवता ते खोली आवरणाऱ्याच्या हातात द्या. रिसेप्शनला दिलेलं वाटपात जातं.

मंजिरी_ठाणे
चादर_घडी, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. चपला स्टुलावर... काय नजर आहे हो.

सीए_सांगली
आकड्यांचं मी बोलतो, भाचीला उपयोग होईल. खोलीचा दर दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के. त्यावर गेला की सरळ १८. म्हणजे चाळीस हजारांच्या खोलीवर ७,२०० नुसता कर. आणि अशा हॉटेलातल्या रेस्तराँलासुद्धा १८ लागतो, बाहेरच्याला ५. बाहेर पडून जेवलात तर तिथेच फरक दिसेल.
२०१९ चं केळ्यांचं बिल आठवत असेल. अभिनेता राहुल बोस, चंदीगड, दोन केळी, ४४२ रुपये ५० पैसे. मूळ ३७५ आणि वर १८ टक्के. ताज्या फळांवर कर नसतो, म्हणून त्या हॉटेलला पंचवीस हजार दंड झाला.
अजून एक, जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे नियम २०२२ चे, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा.

गिरगावचा_बंडू
सीए साहेब, आत्याला हे कळलं तर पुढच्या वर्षी भेळेचं बिल घेऊन भांडायला बसेल :)

वृंदा_कोथरूड
माझं मत बदललं ते आईमुळे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, व्हीलचेअर, आणि मुंबईत भाच्याचं लग्न. आधी एका मध्यम हॉटेलात बुकिंग. फोनवर "हो हो व्हीलचेअर चालते" म्हणाले. गेलो तर बाथरूमला उंच उंबरठा, धरायला काही नाही, दार इतकं अरुंद की खुर्ची आत जाईना. आई रडवेली. "मी येतच नाही लग्नाला, मला परत ने" म्हणाली.
नवऱ्याने तिथूनच एका पंचतारांकित हॉटेलला फोन लावला. त्यांनी काय विचारलं माहितीये? खुर्चीची रुंदी किती, आई डाव्या हाताने आधार घेतात की उजव्या. पोचलो तेव्हा खोली तयार. न्हाणीघरात उंबरठा नाही, शॉवरखाली बसायला स्टूल, धरायला दांड्या, कमोडची उंची वाढवलेली. आई कितीतरी दिवसांनी एकटी, दार लावून, स्वतःच्या हाताने अंघोळ करून आली. बाहेर येऊन म्हणाली, "साडी काढ गं ती जांभळी."
तीन रात्रींचं बिल बघून माझ्या पोटात गोळा आला होता हे खरं. पण त्या पैशांबद्दल मला आजतागायत वाईट वाटलेलं नाही. चीड येते ती याची, की दांडी आणि सपाट उंबरठा यासाठी एवढे पैसे का मोजावे लागावेत? हे साध्या लॉजमध्येसुद्धा असायला हवं. गवंड्याचं दोन दिवसांचं काम आहे!

स्नेहल_नाशिक
वृंदा, डोळ्यात पाणी आलं गं. आई कशा आहेत आता?

वृंदा_कोथरूड
छान आहेत. काठी घेऊन सोसायटीत फेऱ्या मारतात. सगळ्या पोरांना रागावतात :)

कुलाबा_फिरस्ता
ताजचा विषय निघालाय म्हणून. इमारत उलटी बांधली गेली, म्हणून आर्किटेक्टने जीव दिला म्हणतात. खरं का?

दगड_आणि_चुना
नाही हो. ही गोष्ट प्रत्येक गाईड सांगतो आणि प्रत्येक वेळी मला त्रास होतो, कारण त्यात एका मराठी माणसाचं काम झाकलं जातं. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पूर्ण होण्याआधी वारले, मग चेंबर्स नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने पुरं केलं. उद्घाटन १६ डिसेंबर १९०३. गेटवे तेव्हा नव्हतंच, ते १९२४ चं. जुनं प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होतं, आता तरणतलाव आहे तिथे. गाड्या-घोडे शहरातूनच येणार ना! उलटं काही नाही.
जमशेटजी टाटांनी बांधलेल्या या इमारतीचा मूळ आराखडा वैद्यांचा, हे आपल्याकडे शाळेत शिकवायला हवं. मी विद्यार्थ्यांना घेऊन जातो तेव्हा आत चहा घेतो. मधला जिना बघायला मिळतो तेवढ्यावर पैसे वसूल.

कुलाबा_फिरस्ता
वैद्यांचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. धन्यवाद सर.

नेरुळची_राधा
जानेवारी २०२५, कोल्डप्ले बँडचा कार्यक्रम, नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. आम्ही इथलेच त्यामुळे घरून चालत गेलो, पण दिराने इंदूरहून येऊन आसपास हॉटेल शोधलं. एरवी सहा-सात हजारांची खोली, त्या शनिवार-रविवारी मागायला लागले पस्तीस. खोली तीच, चादर तीच! शेवटी पाचजण आमच्या हॉलमध्ये झोपले. सकाळी सगळ्यांना थालीपीठं. धमाल आली. याला महाग म्हणायचं की लूट, तुम्हीच सांगा. उत्तम सेवेचे जास्त पैसे मी देईन, पण गर्दी बघून दर पाचपट करणाऱ्याला नाही.

मिलिंद_सिंगापूर
इथे रॅफल्स हॉटेल आहे, १८८७ पासूनचं. आई-बाबा आले तेव्हा लाँग बारमध्ये नेलं. तिथे शेंगदाण्याची टरफलं जमिनीवर टाकायची पद्धत आहे. सिंगापुरात! रस्त्यावर कागद टाकला तर दंड होतो तिथे. बाबांना दहा वेळा सांगूनही टाकवेना, टरफलं रुमालात गोळा करून खिशात. वेटरने बघितलं आणि त्यांच्या समोर एक रिकामी वाटी आणून ठेवली. हसला नाही, काही नाही. मंजिरीताईंच्या गाळणीवरून तेच आठवलं.
मेनूवर ++ असतं ते बघून घ्या, १० टक्के सेवा आणि ९ टक्के कर वर लागतो.

तळकोकण
मला हे सगळं पटत नाही. माया दाखवायला पैसे घेणं मला खटकतं. आमच्याकडे मालवणला घरगुती मुक्कामाला या, दीड-दोन हजारात खोली, सकाळी घावणे, दुपारी ताजा बांगडा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर काकू न सांगता मऊ भात वेगळा लावते. ती नजर विकत घ्यायला मुंबईत पन्नास हजार?

चादर_घडी
तळकोकण, काकूंना नमस्कार. पण काकूंकडे चार खोल्या आहेत, आमच्याकडे तीनशे. तीनशे अनोळखी लोकांना तसं वागवणं हे कसब आहे, आणि ते पोटासाठी केलं म्हणून खोटं होत नाही. रत्नागिरीचा तो पोरगा खोटं करत नव्हता.

तळकोकण
हे मान्य. पोराबद्दल काही म्हणणं नाही माझं.

अंधेरी_लोकल
मी एवढंच लिहीन. २००८ च्या नोव्हेंबरनंतर मी ताजच्या दराबद्दल बोलणं सोडलं. त्या हल्ल्यात हॉटेलात ३१ जणांचा जीव गेला. वाढपी, स्वयंपाकी, टेलिफोनवरच्या मुली, मागचे दरवाजे माहीत असूनही पाहुण्यांना सोडून गेले नाहीत. जनरल मॅनेजर करंबीर कांग यांच्या बायकोचा आणि दोन मुलांचा वरच्या मजल्यावर जीव गेला आणि तो माणूस खाली लोकांना बाहेर काढत राहिला. जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडली. आम्ही दोघं नंतर एकदा फक्त कॉफीला गेलो. नावं वाचली, कॉफी प्यायलो, आलो.

स्नेहल_नाशिक
__/\__

स्नेहल_नाशिक
माझा अनुभव राहिला. छोटासाच. दिल्लीत एका नामांकित हॉटेलात, मुलगी तापाने फणफणलेली, रात्री दोन. मी खाली मऊ भात मिळेल का विचारलं, मेनूवर नव्हता. वीस मिनिटांत आला, वर तूप आणि चिमूटभर मीठ बाजूला. बिलात लावला नाही. बाकी त्या हॉटेलातलं काहीच लक्षात नाही.

सीए_सांगली
भाचीसाठी अजून एक. नरिमन पॉइंट, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) इथे कामासाठी येणारे लोक जास्त, त्यामुळे रविवारची रात्र बहुतेक स्वस्त पडते. ताजला शनिवारपेक्षा रविवार बघायला सांगा. डिसेंबर टाळा.

मंजिरी_ठाणे
सगळं पाठवलं तिला. ती म्हणतेय रविवारच बघते, आणि वृंदाताईंच्या आईंचं वाचून सासूबाईंनाही बरोबर न्यायचं म्हणतेय. दोन खोल्या होतील मग, बजेटचं ती बघेल! राधाताई, थालीपीठाला भाजणी घरची का हो? ठाण्यात चांगली मिळत नाही आताशा.

नेरुळची_राधा
घरचीच. धणे जरा जास्त घालते मी. प्रमाण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, आत्ता लोकलमध्ये आहे, वाशी आलं.