११.१ व्होल्टची बॅटरी लावल्यावर पिस्टनचे दाते का तासले गेले?

प्रश्न

नमस्कार. मी नोकरीनिमित्त जपानमध्ये नागोयाजवळ राहतो आणि सुटीच्या दिवशी एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या बंदुकांचा खेळ) खेळतो. माझ्याकडे एम-४ रायफलच्या घडणीची, व्हर्जन २ प्रकारचा गिअरबॉक्स (दातेरी चाके, पिस्टन आणि स्प्रिंग यांची पेटी) असलेली, विजेवर चालणारी बंदूक आहे. छऱ्याचा वेग वाढेल या समजुतीने मी ८.४ व्होल्टच्या बॅटरीऐवजी ११.१ व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी लावली. वेग मोजला तेव्हा तो जवळपास पूर्वीइतकाच भरला. सलग मारा मात्र फारच जलद होऊ लागला. तिसऱ्या रविवारी चाप ओढल्यावर मोटर नुसतीच घरघरू लागली आणि छर्रा बाहेर पडेना. गिअरबॉक्स उघडून पाहिला, तर पिस्टनखालच्या दातेरी पट्टीचा पहिला दाता शाबूत होता, पण मधले चार-पाच दाते पार तासले गेले होते. वेग का वाढला नाही आणि दाते का गेले, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. या बंदुकीत छर्रा उडवण्याचे काम स्प्रिंग करते. मोटर फक्त ती स्प्रिंग दाबून देते. मोटरच्या दांड्यावरचे छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, बेव्हल नावाच्या गिअरला फिरवते, बेव्हल स्पर गिअरला आणि स्पर शेवटच्या सेक्टर गिअरला. नेहमीच्या रचनेत मोटरच्या सुमारे १८.७ फेऱ्यांमागे सेक्टरची एक फेरी होते. सेक्टरच्या साधारण अर्ध्याच परिघावर दाते असतात. ते पिस्टनला मागे ओढतात, आणि दाते संपले की पिस्टन सुटून सिलिंडरमधली हवा नॉझलवाटे, म्हणजे पुढच्या बारीक तोंडातून, छऱ्यामागे ढकलतो. म्हणून वेग ठरतो तो स्प्रिंगची ताकद, हवेची गळती आणि नळी यांवर. बॅटरीमुळे बदलते ती सेकंदाला होणाऱ्या फेऱ्यांची संख्या.

आता दात्यांचे पाहा. सेक्टरच्या सेकंदाला १५ फेऱ्या होत असतील, तर दाते नसलेला भाग पिस्टनसमोरून जायला सुमारे ३३ मिलिसेकंद लागतात. ३० फेऱ्यांना ती सवड निम्मी होते. पिस्टन पुढे पोहोचण्यापूर्वीच सेक्टरचे दाते परत आले, तर ते पहिल्या दात्याऐवजी मधल्या दात्यांना धरतात. मग पिस्टन मागच्या टोकाला टेकला तरी सेक्टरचे काही दाते ओढायचे बाकीच राहतात, आणि त्या झटापटीत प्लॅस्टिकचा पिस्टन हरतो. तुमचा पहिला दाता शाबूत आहे, ही याचीच खूण समजा. तो पहिला दाताच झिजलेला असता, तर मी सेक्टर आणि पिस्टन भिडण्याच्या कोनावर संशय घेतला असता.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. पिस्टन लवकर परतावा म्हणून अधिक कडक स्प्रिंग घालण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण जपानमध्ये तो कृपया मानू नका. तिथे २००६ साली सुधारलेल्या कायद्याने ६ मिलिमीटरच्या छऱ्यासाठी ०.९८ ज्यूलच्या आसपासची ऊर्जेची मर्यादा घातली आहे, ०.२० ग्रॅमच्या छऱ्याला ती सेकंदाला साधारण ९९ मीटरवरच गाठली जाते, आणि ती ओलांडणे हा गुन्हा ठरतो. त्यापेक्षा नवा पिस्टन बसवून ७.४ व्होल्टची लायपो वापरावी, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ७.४ व्होल्टचीच बॅटरी घेतो. पिस्टन बदलताना आणखी काय पाहावे?

प्रतिसाद १

तासलेल्या दात्यांचा चुरा ग्रीसमध्ये मिसळून सगळ्या गिअरांवर पसरलेला असतो. म्हणून जुने ग्रीस पूर्ण पुसून काढा, नाहीतर नवा पिस्टनही त्याच चुऱ्यावर घासला जाईल. सेक्टरचे दाते बोटाने चाचपून पाहा, आणि एखादा जरी बोथट लागला तरी तो गिअर बदला. जोडताना तिन्ही गिअरांखालचे पातळ वॉशर असे बसवा, की गिअर मोकळे फिरतील पण वरखाली डुगडुगणार नाहीत. यापुढे गिअरबॉक्स उघडण्याआधी बॅटरी काढून बेव्हल गिअरला उलटे फिरू न देणारा खटका सोडवत जा, कारण स्प्रिंग दाबलेली असताना कवच उघडले तर ती डोळ्याकडे उडू शकते. संरक्षक चष्मा कामाच्या टेबलावरही घाला.