वाड्यातला खून रंगमंचावर: दारं, प्रेत, अंधार आणि हशा

वसंत कानेटकरांच्या गावात, म्हणजे नाशकात, गंभीर नाटक बसवणाऱ्यांचा तोटा नाही. पण भुताटकीचा जुना वाडा, मुसळधार पावसाची रात्र, सहा संशयित, अंधारात पळापळ आणि शेवटी उलगडा असं धमाल रहस्यनाट्य उभं करायचं म्हटलं की संहितेआधी कारागिरीचे प्रश्न उभे राहतात. ज्यांनी अशा प्रयोगांत लेखन, नेपथ्य, प्रकाश, हाणामारी सांभाळली आहे त्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. मापं, कारणं आणि नेमकं काय बिघडतं ते हवं. आलेली उत्तरं विभागवार खाली.

नेपथ्य

अशा नाटकात दार हे पात्रच असतं. खरी, आपटता येणारी तीन तरी दारं हवीत. दोनच असली तर कोण कुठून येणार हे प्रेक्षकाला आधीच कळतं, आणि पाच झाली की नटांचाच गोंधळ होतो.

दार थेट फ्लॅटला (कापड ताणलेल्या भिंतीच्या चौकटीला) ठोकू नका. पहिल्याच आपटीला अख्खी भिंत थरथरते आणि दगडी वाडा कापडाचा आहे हे उघडं पडतं. चौकट स्वतंत्र उभी करा: दोन बाय तीन इंची लाकूड, मागून दोन तिरके धीरे (टेकू), प्रत्येक धीऱ्याच्या पायावर वीस-पंचवीस किलो वाळूची गोणी. फ्लॅट तिला नुसते टेकवायचे आणि फट पट्टीने झाकायची. बिजागरी प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला, दार उघडणार ते विंगेकडे. त्यामुळे येणारा नट पहिल्या क्षणापासून दिसतो आणि मागची विंगही झाकली जाते. रुंदी अडीच फूट पुरते, पण ज्या दारातून प्रेत न्यायचं ते तीन फुटी करा, नाहीतर खांदा-पाय धरणारे दोघे चौकटीतच अडकतात. खरी कडी लावू नका. ऐन पळापळीत ती अडकते. कपाटाचं लोहचुंबक लावा आणि चौकटीच्या आतून रबराची पट्टी चिकटवा. पट्टी नसली तर आपटलेलं दार उसळून परत उघडतं.

फिरती पुस्तकांची भिंत सगळ्यांनाच हवी असते. चार फूट रुंद, साडेसहा फूट उंच, मध्यावर वर-खाली कणा. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं. एका बाजूला जड फळ्या आणि दुसरीला कोरी प्लाय असेल तर ती एकीकडे कलते आणि तळ घासतो. खाली अर्धा इंच मोकळं सोडा. नाट्यगृहाच्या जमिनीत स्क्रू मारता येत नाही, म्हणून कण्याची वाटी बारा मिलिमीटरच्या प्लायवर बसवा आणि ती प्लाय शेजारच्या फ्लॅटांच्या गोण्यांखाली दाबा. अर्ध्या फेरीला अडकण हवंच. ते नसलं तर भिंत फिरतच राहते आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर बसते. पुस्तकांचे नुसते पाठकणे करायचे. द्राक्ष पॅकिंगच्या खोक्यांचा पुठ्ठा त्याला झकास चालतो, वजनच होत नाही.

आता खास आपल्याकडची गोष्ट. हवेली म्हणून दिवाणखाना आणि झुंबर उभं करण्यापेक्षा जुन्या नाशकातला वाडा घ्या: ओसरी, चौक, माजघर, कोनाडे, वर कडीपाट, पोटमाळ्याचा अरुंद जिना आणि मोठ्या दरवाज्यातलं छोटं दार, म्हणजे दिंडी. दिंडी साडेचार फूट उंच आणि उंबरा नऊ इंच ठेवला की आत येणाऱ्या प्रत्येकाला वाकावंही लागतं आणि पायही उचलावा लागतो. इन्स्पेक्टरची टोपी पडते, आत्याबाई आडव्या शिरतात, वकिलांची बॅग आधी आत येते. सहा पात्रांची सहा चालींची ओळख पहिल्या दहा मिनिटांत विनासंवाद होते.

लेखन

वरची दिंडी फक्त हशासाठी वाया घालवू नका. या प्रकारात विनोद आणि पुरावा वेगळे राहिले की नाटक दुभंगतं: अर्धा तास धडपड, मग अर्धा तास इन्स्पेक्टरचं भाषण. पुरावा धडपडीतच पेरायचा. वाड्यात पहिल्यांदाच आलोय म्हणणारा पाहुणा अंधारात उंबऱ्याला ठेचकाळत नाही, बाकी पाचही ठेचकाळतात. प्रेक्षक पडणाऱ्यांना हसतो, न पडणारा त्याच्या डोळ्यांसमोरून जातो. उलगड्याच्या वेळी हेच सांगितलं की सभागृहातून ‘अरे!’ येतो, कारण फसवणूक झालेली नसते, सगळं दाखवलेलं असतं.

असा प्रत्येक पुरावा तीनदा यावा: एकदा सहज, एकदा विनोदात, एकदा हालचालीत. संवादातला पुरावा हशाच्या आधीच्या वाक्यात ठेवा, हशाच्या नंतरच्या नको. नंतरचं वाक्य टाळ्यांत बुडतं. तीन गोष्टींची यादी असेल तर महत्त्वाची मधोमध.

संहितेआधी तक्ता करा. आडवी पात्रं, उभी वेळ, पाच-पाच मिनिटांचे खण: कोण कुठे होतं, कोणी पाहिलं, कोण खोटं बोलतंय. खून विसाव्या मिनिटाच्या आत झाला पाहिजे. मध्यंतर दुसऱ्या प्रेतावर, किंवा पहिलं प्रेत गायब झाल्यावर. हेतू घरातलेच ठेवा: वाटण्या, पागडीचा भाडेकरू, पुनर्विकासाला आडून बसलेले काका, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर राहून गेलेलं नाव. परक्या मृत्युपत्रापेक्षा हे नाशिककराला लगेच पटतं.

अनेक शेवटांचा मोह होतो. १९४९ साली बाजारात आलेल्या ‘क्लूडो’ या पटावरच्या खेळावरून १९८५ मध्ये ‘क्लू’ हा चित्रपट निघाला, तेव्हा वेगवेगळ्या चित्रपटगृहांत वेगवेगळा शेवट दाखवला होता, एकूण तीन. रंगमंचावर हे जमतं, पण तक्त्यातली एकही नोंद तिन्ही शेवटांशी भांडता कामा नये. आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या संहिता तपासणारं राज्याचं मंडळ) संहिता पाठवताना सगळे शेवट त्यातच जोडा.

प्रकाश

पूर्ण अंधार सात-आठ सेकंदांपेक्षा जास्त नको. अंधारातली धडपड लोकांना दिसली नाही तर ते हसणार कशाला? अंधार म्हणजे मंद निळा, मागून आणि बाजूने, समोरून शून्य. पायऱ्यांच्या कडा, उंबरा, सोफ्याचे कोपरे यांना अंधारात चमकणारी चिकटपट्टी लावा आणि प्रवेशाआधी तिच्यावर चांगला उजेड पडू द्या, नाहीतर ती चमकतच नाही.

वीज म्हणजे थंड पांढऱ्या दिव्याचे दोन-तीन असमान झटके. सलग स्ट्रोब लावू नका, अपस्माराच्या रुग्णाला त्याने झटका येऊ शकतो. गडगडाट नंतर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांची फट म्हणजे वीज किलोमीटरभर लांब. प्रवेशागणिक फट कमी करत न्या. वादळ वाड्याकडे येतंय हे न सांगता कळतं.

धूर यंत्राचा असेल तर जमिनीवर तेलकट थर बसतो. धूर, पळणं आणि पॉलिशची लाकडी जमीन हे तिन्ही एकत्र आलं की घसरणं ठरलेलं. धूर प्रवेशाच्या सुरुवातीला, थोडा, आणि मध्यंतरात जमीन पुसून घ्या. कंदिलात ज्योत नको, बॅटरीचा पिवळा दिवा आणि आत दुधी कागद.

रक्त, अगदी थोडक्यात

बेकरी सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज एक वाटी, पाणी दोन चमचे, खायचा लाल रंग एक चमचा, कोको पावडर दोन चिमटी. कोकोशिवाय ते सरबत दिसतं. निळ्या उजेडात लाल रंग काळा पडतो, तेव्हा रक्त दाखवायचं तर कोपऱ्यातून एक पांढरा दिवा टाका. वापरा अगदी थोडं, कारण जास्त रक्त दिसलं की प्रेक्षकाला कीव येते आणि हसू थांबतं. प्रयोगानंतर लगेच पुसा. गोड आहे, मुंग्या लागतात.

हाणामारी आणि प्रेत

थप्पड गालाला लागत नाही. दोघांत हातभर अंतर, आधी नजरानजर, हात तोंडासमोरून जातो आणि आवाज मार खाणारा स्वतः टाळीने काढतो, तीही प्रेक्षकांना न दिसणाऱ्या बाजूला. हालचालीची सूत्रं मार खाणाऱ्याकडे असतात, मारणाऱ्याकडे नाहीत. पडताना माकडहाडावर किंवा पसरलेल्या तळव्यावर कधीच नाही: गुडघे वाकवा, मांडीच्या मांसल बाजूवर टेका, मग कूस. सोफ्यामागे चार इंची फोम ठेवा. प्रत्येक प्रयोगाआधी सगळ्या मारामाऱ्या एकदा निम्म्या वेगाने करून घ्यायच्या, शंभराव्या प्रयोगालासुद्धा.

प्रेत झालेल्या नटाने कुशीवर, पाठ प्रेक्षकांकडे करून पडावं. पोटाचं हलणं दिसत नाही. उचलताना तो पूर्ण सैल पडला तर दोघांना झेपत नाही. त्याने पोट आणि पाठ ताठ ठेवायची, मान आणि हात मात्र सैल सोडायचे. लोळवायचं, जिन्यावरून ढकलायचं असेल तर बाहुलाच. जुने कपडे, आत चिंध्या, एकूण वजन आठ-दहा किलो. त्यातलं निम्मं वजन वाळूचं, बैठकीत, आणि थोडी वाळू टाचांत. वजन सगळीकडे सारखं पसरलं तर तो उशीसारखा पडतो. कोपर-गुडघ्यांत चिंध्या भरूच नका, नुसतं कापड शिवा, म्हणजे अवयव लोंबतात.

ध्वनी

दाराचा करकर आवाज स्पीकरवर चालतो, टकटक मात्र खरीच हवी, कारण ती कुठल्या दारावर झाली हे कानाला कळतं. घड्याळाचे बारा ठोके दोन सेकंदांच्या अंतराने घेतले तर बावीस सेकंद मिळतात. तेवढ्यात निळ्या उजेडात प्रेत बदलून होतं, आणि प्रेक्षक ठोके मोजत बसलेला असतो.

वेशभूषा

नऊवारीत पळता येतं आणि आत गुडघ्याचे पॅड झाकले जातात. पाचवारी जिन्यावर पायात येते. वहाणा रबरी तळाच्या.

दिग्दर्शन

वरच्या अंधाराच्या मताला जोड: एकदा, फक्त एकदा, पूर्ण काळोख घ्या, खुनाच्या क्षणी. बाकी सगळा निळा. हशा ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, शांततेची वाट पाहायची नाही. सायखेडकर नाट्यगृहात भुवई उडवली तरी पोचते, कालिदास कलामंदिराच्या शेवटच्या रांगेसाठी तीच प्रतिक्रिया खांद्यांपासून करावी लागते. हॉल बदलला की तालमीत मोजलेले हशे विसरा आणि पळापळीची पावलं नव्याने मोजा.

खऱ्या वाड्यात चित्रीकरण करणार असाल तर आधी जिना आणि तुळया जाणकार सुताराला दाखवा, पावसाळ्यात तर नकोच. मातीच्या भिंती पाणी पितात, आणि धोकादायक वाड्यांना महापालिका दर पावसाळ्याआधी नोटिसा काढते. जिन्यावर एका वेळी एकच माणूस, आणि पळापळ खालच्या चौकातच.