'राजीनामा' : जुन्या कागदातला आणि आजचा

एमए इतिहासाला मध्ययुगीन महाराष्ट्राचा पेपर आहे, त्याच्या प्रोजेक्टसाठी पाटीलकीच्या भांडणाचा एक छापील कागद वाचतोय. त्यात सुरुवातीलाच दोन्ही वादींनी राजीनामे लिहून दिले असं आलंय आणि पुढे भांडण चालूच आहे. दोघांनीही वतन (पाटीलकीचा पिढीजात हक्क) सोडलं तर मग वाद कशाचा उरला? कुणी सांगेल का?

> कुणीच काही सोडलेलं नाही! हा राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. राजी अरबी, नामा फारसी. 'गोतसभा (गावकरी-वतनदारांची न्यायसभा) किंवा पंच जो निवाडा देतील तो आम्हाला मान्य' असं दोघांकडून आधीच लिहून घ्यायचे आणि वर जामीन पण घ्यायचे, म्हणजे निकाल विरुद्ध गेला म्हणून उद्या कुणी उलटायला नको, आणि हे झाल्याशिवाय निवाड्याला बसतच नसत. म्हणून तो सुरुवातीला येतो. वतन ही पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट, त्यासाठी लोक उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचं दिव्य, म्हणजे खरेपणाची कसोटी, करायला तयार व्हायचे, ते असं पहिल्याच ओळीत कोण सोडून देईल?
>
> त्याच्या पुढे बघ, 'तकरीर' आली असेल. ती आजची तक्रार नाही हं. तकरीर म्हणजे आपल्या बाजूचं लेखी निवेदन, हक्क कसा चालत आला ते सगळं त्यात. तक्रार हा वेगळा अरबी शब्द, मुळात पुन्हा पुन्हा करणं. छापताना वेलांटी गेली की दोन्ही एकच वाटतात आणि मोडीत तर शब्दांत जागाच सोडलेली नसते, त्यामुळे शक्य असेल तर मूळ कागद एकदा नक्की बघ. मग साक्षी, आणि शेवटी महजर, म्हणजे हजर असलेल्या सगळ्यांच्या साक्षीने केलेला कागद. त्यातली हाजीर मजालसीची, म्हणजे सभेला हजर असलेल्यांची, यादी कृपा करून गाळू नकोस!! गावातले कोण कोण बसले होते ते तिथेच कळतं, लिहिता न येणाऱ्या पाटलाने सहीऐवजी नांगर काढलेला असतो, एवढं सांगणारं दुसरं साधन आपल्याकडे फार कमी आहे.

मग आजचा अर्थ कुठून आला?

> जमिनीवरून आला असावा असं मला वाटतं. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात खातेदाराला जमीन सोडायची तर तो राजीनामा द्यायचा, म्हणजे मी राजीखुशीने सोडतो, आणि नवा घेणारा कबुलायत, म्हणजे जमीन घेणं कबूल असल्याचा कागद, लिहून द्यायचा. राजीनामा-कबुलायत ही जोडीच होती महसुलात. जमीन सोडण्यावरून नोकरी आणि पद सोडण्यावर जाणं मग सोपं. 'रजा' पण त्याच घरातली, आधी परवानगी, मग सुट्टी. आता 'रजा मंजूर झाली' म्हणताना परवानगी कुणाच्या डोक्यातही नसते.

आम्ही इंदूरचे, इकडे कोर्टात अजून राजीनामा म्हणजे दोन पार्ट्यांची तडजोड, नोकरी सोडली तर इस्तीफा. मराठी पेपरात 'मंत्र्याचा राजीनामा' वाचलं की घरातली मुलं विचारतात, कुणाशी तडजोड झाली?

> अगदी बरोबर, हिंदी-उर्दूत जुना अर्थ टिकलाय. गुजराती, कन्नड, तेलुगूत मात्र आपल्यासारखाच पद सोडण्याचा. जुन्या कागदांच्या अभ्यासात खरा धोका अशा ओळखीच्या शब्दांचाच असतो. अनोळखी शब्द आला की पोरं कोश उघडतात, ओळखीचा आला की तसेच पुढे जातात. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरीही न्यायाच्या कागदांत पेशवाईपर्यंत हे अरबी-फारसी शब्द राहिले, तेव्हा मध्ययुगीन शिकवताना वर्गात पहिल्या महिन्यात एक पूर्ण निवाडा शब्दशः वाचून घ्यायलाच हवा, नुसत्या नोट्सवर हे येत नाही.

पण मग हरलेला माणूस हक्क सोडतो तो कागद कुठला?

> यजितखत. काही ठिकाणी येजितखत लिहिलेलं सापडेल. हरलेल्याने जिंकणाऱ्याला लिहून द्यायचं की माझा दावा खोटा ठरला, आता माझा संबंध नाही. तुझ्या कागदात शेवटाकडे हा शब्द शोध, ज्याने दिला असेल तो हरला.




मिळाला! धाकट्या घराने दिलाय.