ताश्कंदहून आलेल्या भरतकामाच्या चादरीचे जोड जुळत नाहीत, उसवून सरळ करून घ्यावेत का?

चरईकर

नमस्कार मंडळी. आमची चरईतली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणून गेल्या महिन्यात घर रिकामं केलं. बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाशी, धोतरात गुंडाळलेली एक मोठी भरतकामाची चादर निघाली. बाबा १९७४ साली कामानिमित्त चार महिने ताश्कंदला होते. तिथे बरोबर काम करणाऱ्या एकाच्या आईने निघताना ती हातात दिली, एवढंच आईला आठवतं. आईने ती कधी अंथरली नाही. "प्रेमाने दिलेलं पायाखाली नको," म्हणायची.

कापड जाड, सुती, मळखाऊ पांढरं. त्यावर रेशमाचं काम. मधोमध चांदणीसारखं मोठं फूल आणि चारही कोपऱ्यांतून त्याच्याकडे झुकलेले फुलांचे चार मोठे झुबके. रंग लाल, निळा, थोडा पिवळा. कापड अखंड नाही, पाच उभ्या पट्ट्या जोडल्या आहेत. अडचण इथेच आहे. एका जोडावर फूल अर्ध्यात थांबतं आणि त्याचा दुसरा अर्धा भाग बोटभर खाली सुरू होतो. लाल रंगही शेजारच्या दोन पट्ट्यांत सारखा नाही.

इथल्या एका ड्रायक्लीनरकडे नेली तर तो म्हणाला, फाटल्यावर कुणीतरी चुकीची जोडली आहे, उसवून जुळवून देतो आणि धुवूनही देतो. माझं मन धजेना. नव्या घरी बाबांच्या फोटोशेजारच्या भिंतीवर लावायची आहे. काय करू?

ऐरोलीचा बापू

ताई, ही सुझानी. उझबेक लोकांची कला. मुलगा समरकंदला मेडिकलला आहे, मागच्या दिवाळीत आम्ही दोघं जाऊन आलो. जवळच उर्गुत म्हणून गाव आहे, तिथल्या बाजारात ढीगच्या ढीग पाहिले. पण मी पाहिलेल्यांत फुलं जोडावर नीट जुळलेली होती. तुमची दुरुस्त केलेली असेल. चांगला कारागीर मिळाला तर जुळवून घ्यायला हरकत नसावी.

सुईदोरा, नेरूळ

चरईकर ताई, कृपा करून उसवू नका. त्या दुकानात परत पाठवूही नका. मी नेरूळला तीस वर्षं भरतकाम शिकवते, सुझानीवर माझा फार जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या सुझानीचे जोड न जुळणं ही चूक नाही, तिच्या जन्माची खूण आहे. त्यांच्या हातमागाचा पन्हा अरुंद असायचा, साधारण फूट-सव्वा फूट. म्हणून अशा चार-सहा पट्ट्या शेजारी ठेवून आधी कच्च्या टाक्यांनी जोडायच्या. मग गावातली एखादी जाणती बाई येऊन सबंध कापडावर शाईने नक्षी रेखायची. तिला कलमकश म्हणतात, कलम ओढणारी. रेखून झालं की कच्चे टाके काढून पट्ट्या पुन्हा सुट्या करायच्या आणि घरात वाटायच्या: एक आईकडे, एक मावशीकडे, एक बहिणीकडे, एक स्वतः नवरीकडे. प्रत्येकीने आपापली पट्टी भरायची आणि शेवटी सगळ्या कायमच्या शिवायच्या. हे लग्नाचं सामान होतं, आपल्या रुखवतासारखं. मुलगी लहान असतानाच सुरुवात व्हायची.

आता फूल बोटभर खाली का जातं? हे मला पुस्तकातून कळलं नाही, हातातून कळलं. दोन वर्षांपूर्वी मी आणि माझ्या चार विद्यार्थिनींनी मांजरपाटाच्या पाच पट्ट्या घेऊन अगदी याच रीतीने काम केलं. नक्षी रेखताना सगळं काटेकोर जुळलेलं होतं. आठ महिन्यांनी पट्ट्या शेजारी ठेवल्या तर एक पट्टी दुसरीपेक्षा जवळजवळ इंचभर आखूड. जिचा हात घट्ट, तिचं कापड जास्त आवळतं. भरगच्च भरलेली पट्टी विरळ पट्टीपेक्षा जास्त आक्रसते. तुमच्या चादरीत दिसतंय ते हेच. लाल वेगळा का? प्रत्येकीचं रेशीम वेगळ्या वेळी, वेगळ्या भांड्यात रंगलेलं. त्यांच्याकडे लालासाठी मंजिष्ठा वापरत, निळ्यासाठी नीळ, आणि ती नीळ बरीचशी आपल्याकडूनच जायची.

बापू, तुम्ही पाहिलेल्या बहुधा नव्या, रुंद कापडावरच्या असतील. त्यांना जोडच नसतो किंवा जोडल्यावर भरलेल्या असतात. आणि एक दुरुस्ती, राग मानू नका. सुझानी उझबेकांची आहे तितकीच ताजिकांचीही. सूझन म्हणजे सुई, हा शब्दच फारसी-ताजिक. समरकंद आणि बुखारा आज उझबेकिस्तानात आहेत, पण तिथल्या कित्येक घरांत ताजिकच बोलतात. ताजिकिस्तानातल्या खुजंद आणि इस्तरवशानलाही तितक्याच सुंदर सुझानी होतात. चुलीपाशी बसून एकत्र केलेल्या कामाची नंतरच्या सीमांवरून वाटणी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

ताई, तुमच्या नक्षीला नाव आहे: "चोर शोख-उ यक मोह", म्हणजे चार शाखा आणि एक चंद्र. शब्द मोठ्याने म्हणून बघा, सगळे ओळखीचे वाटतील. ही मांडणी उझबेकिस्तानातल्या नुराता गावाची म्हणून प्रसिद्ध आहे. मात्र नुसत्या मांडणीवरून गाव ठरवता येत नाही. ताश्कंदची खास शैली वेगळीच असते. तिला पालक म्हणतात, फलक म्हणजे आकाश यावरून, आणि त्यात लाल मोठी वर्तुळं जवळजवळ सगळं कापड व्यापतात.

एक काम करा, चादर उलटी करून उजेडात धरा. पुढून पाकळी भरगच्च आणि मागे नुसते छोटे छोटे तिरके टाके दिसले, तर ते बसमा काम. त्यात लांब धागा वरच टाकतात आणि परत येताना त्याच धाग्याच्या आखूड टाक्यांनी तो बांधत येतात. त्यामुळे महाग रेशीम पाठीमागे वाया जात नाही. पुढे साखळी दिसली तर ती युर्मा, आपल्या आरीकामासारखी, आकड्याने केलेली.

धुण्याचं तर नावच काढू नका. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे रासायनिक रंग आले. त्यातले काही लाल पाणी लागताच पसरतात आणि पांढऱ्या कापडावर कायमचे बसतात. आधी पांढरा सुती बोळा जेमतेम ओला करून मागच्या बाजूने एका कोपऱ्यात टेकवा. रंग लागला तर विषय संपला.

भिंतीवर लावताना खिळे, चिमटे नकोत. वरच्या कडेला मागून रुंद सुती पट्टी शिवून नेफा करा आणि त्यात दांडी घाला, म्हणजे भार सगळीकडे सारखा पडेल. खिडकीसमोरची भिंत टाळा. आपल्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते, त्या चार महिन्यांत उतरवून नळकांड्यावर गुंडाळा. प्लास्टिक अजिबात नको. तुमच्या बाबांनी धोतरात ठेवली होती ना, ते अगदी बरोबर होतं. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, कापडाला टेकवून नको.

ऐरोलीचा बापू

राग कसला, उलट बरं झालं सांगितलंत. मुलाला आजच फोन करून विचारतो, त्याच्या घरमालकिणीकडे जुनी आहे का.

चरईकर

सुईदोरा ताई, तुमचं वाचून काल रात्रीच आई आणि मी चादर उलटी करून पलंगावर पसरली. मागे खरोखर छोटे तिरके टाकेच आहेत. बोळा टेकवला तर फिकट गुलाबी डाग उठला. म्हणजे धुतली असती तर गेलीच होती.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. चार पट्ट्यांत टाके एकाच बाजूला झुकलेत, तिसरीत मात्र बरोब्बर उलटे. आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक पान भरलेलंच नाही, नुसती शाईची रेघ आहे. राहून गेलं असेल का?

सुईदोरा, नेरूळ

तिसरी पट्टी भरणारी बहुधा डावखुरी असावी. माझ्या वर्गातल्या डावखुऱ्या मुलीचे टाके असेच उलटे पडतात. ते पान मात्र राहून गेलेलं नसेल. एखादा कोपरा मुद्दाम अपुरा ठेवायची तिकडे रीत आहे. घरातली लग्नं, पुढचं काम चालू राहावं म्हणून, असं सांगतात. तुम्हीही ते भरू नका.

नेफ्यासाठी जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड घ्या. ते धोतर अजून असेल तर त्याचीच पट्टी काढा.

चरईकर

धोतर आहे. आई आत्ता त्याचीच कड मोजतेय.