धोबी लवकर आला की थंडी लवकर पडते का?

कादवाकाठ (निफाड)

आमची साडेचार एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. यंदा 4 सप्टेंबरलाच बांधाजवळच्या ओहोळात पहिला धोबी पक्षी दिसला. ओल्या दगडांवरून शेपटी खालीवर करत तुरुतुरु पळत होता. वडील तिथंच म्हणाले, "यंदा थंडी लवकर. छाटणी अलीकडे घे."

वडिलांच्या शब्दावर आमच्या घरचं वर्ष ठरतं, म्हणून इथं विचारतोय. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबरात उरकली आणि परतीचा पाऊस लांबला, तर पोंग्यावर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, डावणी हा बुरशीचा रोग येतो, फुलोऱ्यात गळ होते. ऑक्टोबरात ढकलली आणि थंडी लवकर आली, तर मण्यांची फुगवण अडते, पुढं गुलाबी मणी निघतात. दोन्हीकडून मरण.

वडील गेली अकरा वर्षं भिंतीवरच्या कॅलेंडरात पहिला धोबी दिसला ती तारीख लिहून ठेवतात. त्यांचं निरीक्षण मला खोटं वाटत नाही. पाखरं हजारो मैल उडून येतात, त्यांना वाऱ्याचं आपल्यापेक्षा जास्त कळत असणारच.

दुर्बीण

दादा, वडिलांच्या नोंदींना मनापासून नमस्कार. पण निष्कर्ष पटत नाही.

आधी हे सांगा, पोट पिवळं आणि पाठ करडी होती का? तसं असेल तर तो करडा धोबी. तो हिमालयात वीण उरकून ऑगस्टअखेर, सप्टेंबरात आपल्याकडे येतोच. म्हणजे 4 सप्टेंबर ही लवकरची तारीखच नाही. पांढरा धोबी त्याच्या मागून येतो. कॅलेंडरात दोघांची एकच नोंद होत असेल तर अकरा वर्षांच्या तारखा एकमेकींशी ताडताच येणार नाहीत.

दुसरं, पक्षी निघतो तो मुख्यतः दिवस लहान होऊ लागला म्हणून. पिल्लं कधी उडाली, तिथं किडे किती उरले, वारा कसा आहे, यावर चार दिवस इकडेतिकडे होतात. हे सगळं तिथलं. ऑगस्टात हिमालयातून निघालेल्या पाखराला नोव्हेंबरातल्या निफाडच्या वाऱ्याची खबर कुठून असणार? मी दर हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर पक्षी बघायला जातो. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक यांचं आगमन मागंपुढं होतं, पण त्यात पाणी किती आणि चिखल किती उघडा पडलाय याचा वाटा मोठा असतो.

माळावरचा

सगळं पुस्तकात बसवू नका. भोरड्यांचे थवे आभाळ काळं करत ज्वारीवर उतरायला लागले की आमच्याकडे गोधड्या उन्हात पडतात. आजी भाद्रपदात पहाटे उठून दक्षिणेला अगस्तीचा तारा बघायची आणि सांगायची, आता पावसाचा जोर सरला. मोबाइल नव्हते तेव्हा याच खुणांवर पेरण्या झाल्या, घरं जगली. शेतकरी रोज बघतो, तुम्ही सुट्टीच्या दिवशी बघता. हा फरक मोठा आहे.

उत्तरवारा

माळावरचे दादा, आजींचं बघणं अचूकच होतं. पण अगस्ती दर वर्षी जवळपास त्याच तारखेला उगवतो. तो ऋतू सांगतो. यंदाचा ऋतू दहा दिवस आधी की नंतर, हे सांगू शकत नाही. भोरड्यांचंही तेच. मध्य आशियातल्या गवताळ रानात नाकतोड्यांवर पिल्लं वाढवून त्या इकडे येतात, थंडीच्या कितीतरी आधी.

निफाडची थंडी कशी घडते ते बघा. पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतो, मग उत्तरेचा कोरडा वारा खाली उतरतो. त्यात आभाळ निरभ्र असेल तर जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि जड गार हवा नदीकाठच्या सखल भागात साचते. 2018च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्या आसपास आला होता, तो असाच. उलट नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात एखादं कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि ढग आले, की आलेली थंडीही पळते. सप्टेंबरात ते क्षेत्र जन्मालाही आलेलं नसतं.

ओहायोकर

मी नाशिकची, आता अमेरिकेत ओहायोत असते. इथं एका केसाळ सुरवंटावरून हिवाळा सांगतात. दोन्ही टोकं काळी, मध्ये तांबूस पट्टा. पट्टा रुंद तर हिवाळा सौम्य, काळा भाग जास्त तर कडक. 1948मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले कीटकतज्ज्ञ करन यांनी बेअर माउंटनला जाऊन असे सुरवंट मोजले, पण नमुना फार लहान होता. सुरवंट कात टाकत वाढतो तसा तांबूस भाग वाढतो. म्हणजे पट्टा सुरवंटाचं वय सांगतो, सरलेल्या हंगामाची गोष्ट सांगतो. लेकीने अंगणात हातावर घेतलेला सुरवंट मी नीट पाहिलाय. शेजारी तसाच दुसरा होता, त्याचा पट्टा निम्मा. एकाच अंगणात दोन हिवाळे कसे येतील?

माळावरचा

सुरवंटाचं पटलं, ताई. पण दहिवराचं काय? पहाटे गवतावर कोळ्यांची जाळी पांढरी दिसायला लागली की दोन-चार दिवसांत गारठा येतो. हे मी स्वतः कैकदा अनुभवलंय.

दुर्बीण

हे मात्र मी मान्य करतो. दहिवर पडतं ते रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असतो म्हणून. ते आजच्या हवेचं लक्षण आहे, त्यावरून चार दिवसांचा अंदाज बांधणं रास्त. दोन महिन्यांचा नाही.

कादवाकाठ

वडिलांना सगळं वाचून दाखवलं. पोट पिवळंच होतं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पाखरू चुकत नाही, माझं वाचणं चुकत असेल." मला अजून वाटतं की त्यांच्या तारखांत काहीतरी आहे, नुसता योगायोग नसावा. पण त्यावर सगळी बाग लावायची हिंमत आता होत नाही. दोन एकर 20 सप्टेंबरच्या सुमारास छाटतोय, अडीच एकर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. कॅलेंडरात यंदापासून करडा वेगळा, पांढरा वेगळा लिहायचं ठरलंय, आणि पहिल्या दहिवराची तारीखही. पांढरा अजून दिसलेला नाही. वडील रोज सकाळी ओहोळावर जाऊन येतात.