लाइट नॉव्हेल मुळातून वाचावी, की तिचा मांगाच पुरे?

पानवेडा (प्रश्न):

अलीकडच्या काही मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) मालिका, चित्रकादंबऱ्या आणि लाइट नॉव्हेल (तरुण वाचकांसाठीच्या सोप्या जपानी कादंबऱ्या) वाचल्यानंतर माझे एक मत बनत चालले आहे, आणि ते येथील जाणकारांपुढे मांडून तपासून घ्यावे असे वाटते. काळ सरल्याची जाणीव आजचे चांगले चित्रकार ज्या सफाईने कागदावर उतरवतात, ती पाहिल्यावर लाइट नॉव्हेलचे गद्य मला फार बोलके, स्पष्टच सांगायचे तर बडबडे वाटू लागते.

'फ्रीरेन'चेच पाहा. कानेहितो यामादा यांची कथा आणि त्सुकासा आबे यांची चित्रे असलेली ही मालिका २०२० मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिला मांगा तायशो पुरस्कार मिळाला. दैत्यराजाचा पाडाव करून वीर घरी परततात, त्या ठिकाणी एरवीच्या कथा संपतात आणि ही सुरू होते. दहा वर्षांचा तो प्रवास त्या वीरांसोबतच्या, हजारांहून अधिक वर्षे जगलेल्या जादूगार फ्रीरेनच्या हिशेबात अगदीच किरकोळ असतो. ती सहज निरोप घेते, पन्नास वर्षांनी परत येते, आणि तिच्यासमोर येतो तो टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा, खुजा झालेला त्या वीरांचा म्होरक्या हिमेल. मधले अर्धे शतक मोजक्या चौकटींत उरकले आहे, आणि त्या उरकण्यातच सगळी गोम आहे, कारण फ्रीरेनलाही ते तेवढेच जाणवले असणार. हिमेलच्या दफनाच्या वेळी ती रडते तेव्हा तिला जो उशीर झाला आहे तो वाचकाच्या अंगावर येतो. त्यासाठी निवेदकाला एक वाक्यही खर्चावे लागत नाही.

तात्सुकी फुजिमोतो यांची २०२१ मधील 'लुक बॅक' ही एका बैठकीत संपणारी कथाही तशीच आहे. टेबलाशी बसून चित्रे काढणारी फुजिनो आपल्याला पुन्हा पुन्हा पाठमोरी दिसते. खिडकीबाहेरचे ऋतू बदलतात, वह्यांचा ढीग वाढतो, पाठ तीच राहते. कष्ट म्हणजे काय हे सांगायला शब्दांना किती पाने लागली असती याचा विचार करावा.

आता राजवाड्यातल्या, औषधे आणि विषे जाणणाऱ्या माओमाओ या दासीची 'द अपोथेकरी डायरीज' ही लाइट नॉव्हेल घ्या. माओमाओला विष दिसले की होणारा तिचा आनंद गद्यात समजावून सांगितला जातो आणि पुढच्या प्रकरणात पुन्हा समजावला जातो. मांगात तेच काम तिच्या चेहऱ्याचे एक छोटेसे चित्र करते आणि कथा पुढे सरकते. म्हणून विचारतो: चित्ररूप उपलब्ध असतानाही मूळ गद्यच वाचले पाहिजे अशी एखादी लाइट नॉव्हेल आहे का? असल्यास ती का वाचावी, हेही कृपया सांगावे.

शाईचा_डाग:

आहे, आणि माझ्या मते तिच्याबाबत दुमत होऊ नये: मिया काझुकी यांची 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म'. मुख्य कथा ३३ खंडांची आहे आणि ती २०२३ च्या डिसेंबरात पूर्ण झाली, त्यामुळे अर्धवट राहण्याची भीती नाही.

पुस्तकांच्या वेडाने झपाटलेली एक तरुणी मेल्यानंतर दुसऱ्या जगात, गरीब शिपायाच्या घरी, पाच वर्षांच्या आजारी मुलीच्या देहात जागी होते. त्या जगात पुस्तके फक्त सरदार घराण्यांच्या आवाक्यातली आहेत, म्हणून ती स्वतःच काहीतरी लिहिण्याजोगे बनवू पाहते. मातीच्या पाट्या भाजताना फुटतात, मेहनतीने जमवलेल्या लाकडी पट्ट्या आई जळण समजून चुलीत घालते. हे सारे ती स्वतः सांगते, आणि खरी मेख इथे आहे. ही मुलगी, मायन, अत्यंत एककल्ली निवेदक आहे. तिचे लक्ष कागदावर असते, त्यामुळे समोरचा माणूस घाबरला आहे, दुखावला आहे किंवा तिच्यासाठी काहीतरी मोठे पणाला लावत आहे हे तिला दिसतच नाही आणि म्हणून आपल्यालाही दिसत नाही. खंडाच्या आरंभीच्या आणि शेवटच्या भागात लेखिका दुसऱ्याच एखाद्या पात्राच्या तोंडून बोलते, आणि जी घटना आपण गंमत म्हणून वाचली ती त्या माणसावर कशी ओढवली होती हे तेव्हा कळते.

मांगामध्ये ही युक्ती पांगळी होते. चौकटीत व्यापारी बेन्नो काढला की त्याचा चेहरा काढावाच लागतो, आणि चेहरा दिसला की वाचक मायनपेक्षा शहाणा होतो. आपण ज्याला चित्राचे बळ म्हणता तेच येथे आड येते. गद्याला न दाखवण्याची सोय आहे आणि या लेखिकेने ती पुरेपूर वापरली आहे.

पहिले दोन खंड रेंगाळतात हे मात्र मान्य केले पाहिजे. शांपू बनवण्याच्या कृतीत ज्यांना रस नाही त्यांनी थोडी कळ काढावी.

मधली_रेघ:

वर बडबडेपणाचा जो आक्षेप घेतला आहे तो योग्य आहे. मात्र त्याचे कारण माध्यमात नाही, प्रकाशनाच्या रीतीत आहे. 'बुकवर्म' आणि 'अपोथेकरी' या दोन्ही कथा आधी 'शोसेत्सुका नी नारो' या २००४ मध्ये सुरू झालेल्या जपानी संकेतस्थळावर क्रमशः आल्या. नात्सु ह्युगा यांनी 'अपोथेकरी' तेथे २०११ मध्ये लिहायला घेतली, आणि काझुकी यांची कथा २०१३ ते २०१७ या काळात तेथे पूर्ण झाली. लहान लहान हप्ते आणि मध्ये खंड पडलेला वाचक, अशा स्थितीत लेखक मागचा धागा पुन्हा हाती देतोच. ते हप्ते पुस्तकात एकापाठोपाठ आले की तीच सोय खटकू लागते. संपादकाने कात्री अधिक चालवायला हवी होती असे मलाही अनेकदा वाटते.

'अपोथेकरी'च्या बाबतीत तुलनेची एक दुर्मीळ संधी आहे, तिच्याकडे मूळ प्रश्नात दुर्लक्ष झाले. या एकाच कादंबरीवर २०१७ पासून दोन वेगळे मांगा दोन वेगळ्या प्रकाशकांकडे समांतर चालू आहेत: एकाची चित्रे नेकोकुरागे यांची, दुसऱ्याची मिनोजी कुराता यांची. आरंभीचाच प्रसंग दोन्हींत शेजारी ठेवून पाहावा. राजवाड्यातली बाळे चेहऱ्याला लावायच्या विषारी पावडरीमुळे आजारी पडतात, आणि माओमाओ निनावी चिठ्ठी ठेवून सावध करते. ती चिठ्ठी कोणाची हे शोधण्यासाठी राजवाड्यातला अधिकारी जिन्शी दासींना जमवतो आणि लिहिलेली एक सूचना त्यांच्यासमोर धरतो: चेहऱ्यावर ठिपके असलेलीने थांबावे. बाकीच्या निघून जातात. वाचता येणारी तेवढी एकटी थांबते आणि सापडते. नेकोकुरागे यांचा ओढा नटव्या वस्त्रांकडे आणि माओमाओच्या चेहऱ्यावरच्या भावांकडे आहे, तर कुराता यांचा रहस्याच्या उलगड्याकडे. दोन्ही वाचल्यावर मला मूळ गद्याची किंमत अधिक कळली, कारण दोघांनीही काय गाळले हे तेव्हाच लक्षात येते. तेव्हा 'मांगाच पुरे' म्हणताना कोणता मांगा, हा प्रश्न उरतोच.

जाडजूड:

चर्चा जपानपुरतीच चालली आहे, म्हणून चित्रकादंबऱ्यांविषयी थोडे. काळ दाखवण्यासाठी मोकळी जागा आणि निःशब्द चौकटीच हव्यात असा एक समज प्रश्नात दडलेला आहे, तो मला पटत नाही.

केट बीटन यांची २०२२ मधील 'डक्स' पाहावी. शिक्षणाचे कर्ज फेडण्यासाठी लेखिका २००५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या तेलवाळूच्या खाणींवर नोकरीला जाते. तेथे पुरुषांची संख्या प्रचंड, बायका नगण्य. पुस्तक जवळजवळ संपूर्ण संवादांचे आहे: ती जेथून अवजारे देते त्या खिडकीशी येणारे कामगार, त्यांचे शेरे, पुन्हा तेच शेरे. एकेक शेरा सुटा पाहिला तर क्षुल्लक वाटेल, परंतु चारशेहून अधिक पानांत ते साचत जातात, आणि त्या साचण्यालाच येथे काळ म्हणतात. मधूनच एक राक्षसी यंत्र मोठ्या चित्रात येते आणि त्याच्याजवळची माणसे ठिपक्यांएवढी दिसतात. येथे बडबड काढून टाकली तर पुस्तकच उरणार नाही.

टेसा हल्स यांच्या 'फीडिंग घोस्ट्स'ला २०२५ मध्ये आत्मकथन विभागाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. शांघायमध्ये पत्रकार असलेली आजी १९५७ मध्ये मुलीला घेऊन हाँगकाँगला निसटते, गाजलेले आत्मचरित्र लिहिते आणि नंतर मनोविकाराने ग्रासली जाते. तिची मुलगी आणि नात तो वारसा कसा वाहतात याची ही कथा. काळ्या शाईने पाने गच्च भरलेली आहेत आणि मजकूरही भरपूर. मला हे पुस्तक थोर वाटले तरी सलग वाचवले नाही, दमछाक होते. ती दमछाक मुद्दाम योजली आहे असे त्याचे चाहते म्हणतात. मला ते अर्धेच पटते, कारण काही पानांवर चित्र केवळ मजकुराची री ओढते.

पानवेडा:

सर्वांचे आभार. 'बुकवर्म'विषयीचा युक्तिवाद बिनतोड आहे, त्यामुळे पहिला खंड मागवत आहे. 'डक्स'मधील संवादांबद्दलही सहमत आहे. मात्र ते संवाद माणसांचे आहेत, निवेदकाचे खुलासे नाहीत, आणि माझी तक्रार खुलाशांबद्दल होती.

एक शंका राहते. 'फ्रीरेन'मध्ये पुढे जादूगारांच्या परीक्षेचे लांबलचक पर्व येते, तेथे मालिका इतर लढाऊ मांगांसारखीच झाली, असे कोणाला वाटले का?

शाईचा_डाग:

वाटले, आणि दुसऱ्या फेरीतल्या झुंजी अर्ध्या करता आल्या असत्या असे आजही वाटते. नवी पात्रे एकदम इतकी येतात की नावे लक्षात राहत नाहीत. तरीही ते पर्व टाळू नये, कारण शेवटच्या फेरीत मुलाखत घेणारी झेरिए फ्रीरेनला आवडती जादू विचारते आणि फ्रीरेन उत्तर देते: फुलांचा मळा फुलवण्याची. झेरिएच्या लेखी ती कवडीमोलाची, म्हणून ती तिला तिथल्या तिथे नापास करते. आधीच्या साऱ्या मारामारीत ज्या शक्तीचे मोजमाप चालले होते तिला हा प्रसंग काही पानांत निकालात काढतो, आणि तोही हिमेलच्या आवडत्या जादूच्या निमित्ताने.